गुलामगिरीची माफी आणि भरपाई : शब्द कोणाचे, पैसा कोणाला?

अटलांटिक महासागरापलीकडे गुलाम म्हणून नेल्या गेलेल्या सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसांपैकी जवळपास निम्मी, म्हणजे ५८ लाखांच्या आसपास, पोर्तुगीज आणि ब्राझीलच्या जहाजांतून गेली. एप्रिल २०२४ मध्ये पोर्तुगालचे राष्ट्राध्यक्ष मार्सेलो रेबेलो द सोझा यांनी विदेशी पत्रकारांपुढे सांगितले की, या इतिहासाची जबाबदारी देशाने स्वीकारावी आणि त्याची किंमतही मोजावी. आठवडा उलटण्यापूर्वीच तेथील सरकारने खुलासा केला : भरपाईची कोणतीही प्रक्रिया वा योजना हाती घेतलेली नाही. एकाच राज्यसंस्थेच्या दोन मुखांतून निघालेल्या या दोन विधानांत या विषयाची सारी अडचण दिसते.

सरकारे या बाबतीत शब्द फार जपून वापरतात. खेद व्यक्त करणारा घडलेल्या गोष्टीबद्दल वाईट वाटल्याचे सांगतो. माफी मागणारा ती गोष्ट आपल्या हातून घडली हे मान्य करतो. कबुली आली की मागोमाग दावा येईल, ही सरकारी विधिज्ञांची कायमची धास्ती. जालियनवाला बाग हत्याकांडाच्या शताब्दीला, २०१९ साली, ब्रिटिश पंतप्रधान थेरेसा मे यांनी संसदेत तीव्र खेद व्यक्त केला, माफी मात्र मागितली नाही. याउलट, १९१४ साली व्हँकुव्हर बंदरातून परत पाठवलेल्या ‘कोमागाटा मारू’ जहाजावरील ३७६ प्रवाशांबद्दल कॅनडाचे पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी मे २०१६ मध्ये संसदेत निःसंदिग्ध माफी मागितली. नेदरलँड्सचे पंतप्रधान मार्क रुटे यांनी डिसेंबर २०२२ मध्ये गुलामगिरीतील राज्यसंस्थेच्या सहभागाबद्दल माफी मागितली आणि १ जुलै २०२३ रोजी राजे विलेम-अलेक्झांडर यांनी क्षमायाचना केली. त्यासोबत २० कोटी युरोंचा निधी जाहीर झाला, तो जनजागृती व तत्सम उपक्रमांसाठी. वंशजांना व्यक्तिशः भरपाई देण्याचा त्यात प्रस्ताव नव्हता.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००५ साली स्वीकारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत परिमार्जनाचे पाच प्रकार सांगितले आहेत : पूर्वस्थिती पुन्हा प्रस्थापित करणे, आर्थिक भरपाई, पुनर्वसन, पीडितांचे समाधान आणि पुनरावृत्ती न होण्याची हमी. जाहीर माफी, स्मारके आणि सत्यशोधन ही सारी ‘समाधान’ या चौथ्या प्रकारात मोडतात. सरकारांना हा चौथा प्रकार विशेष प्रिय असावा, यात नवल नाही. तो सर्वांत स्वस्त आहे.

वास्तविक गुलामगिरीची भरपाई इतिहासात रोख दिली गेलेली आहे. ती मालकांना दिली गेली. १८३३ च्या कायद्याने ब्रिटनने आपल्या वसाहतींतील सुमारे ८ लाख गुलामांना मुक्त केले, तेव्हा ‘मालमत्ता’ गमावणाऱ्यांसाठी २ कोटी पौंड मंजूर केले. ही रक्कम त्या वेळच्या सरकारी वार्षिक खर्चाच्या सुमारे ४० टक्के होती. ती उभारण्यासाठी कर्ज काढावे लागले आणि त्या कर्जाची अखेरची फेड २०१५ साली झाली. म्हणजे गुलामांचे वंशज असलेले कॅरिबियन वंशाचे ब्रिटिश नागरिकही आपल्या पूर्वजांच्या मालकांना दिलेल्या पैशांपोटी कालपरवापर्यंत कर भरत होते. मुक्त झालेल्यांना काय मिळाले? ‘उमेदवारी’च्या नावाखाली जुन्याच मालकाकडे आणखी काही वर्षे विनावेतन श्रम, ही पद्धत १८३८ साली संपली. ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यातील मुलूख तर या कायद्यातून वगळलेलाच होता. हिंदुस्थानातील न्यायालयांनी गुलामीचा हक्क मानू नये असा कायदा १८४३ साली आला.

हैतीची कथा याहून विदारक आहे. गुलामांनी बंड करून १८०४ साली स्वतंत्र केलेल्या या देशाकडून फ्रान्सने १८२५ साली, किनाऱ्यावर युद्धनौका उभ्या करून, १५ कोटी फ्रँकची मागणी केली. माजी मळेवाल्यांच्या नुकसानीची ही भरपाई होती. पुढे रक्कम ९ कोटींवर आणली गेली, तरी ती भागवण्यासाठी काढलेल्या कर्जांचा भार विसाव्या शतकापर्यंत हैतीच्या मानेवर राहिला. एप्रिल २०२५ मध्ये, त्या फर्मानाला २०० वर्षे झाली तेव्हा, फ्रान्सने दोन्ही देशांच्या इतिहासकारांचा संयुक्त आयोग जाहीर केला.

पीडितांच्या हाती पैसा पडल्याची उदाहरणेही आहेत. दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबलेल्या जपानी वंशाच्या अमेरिकी नागरिकांना १९८८ च्या कायद्याने माफी आणि प्रत्येकी २० हजार डॉलर मिळाले. कायदा झाला त्या दिवशी हयात असणे ही अट होती. केनियातील माऊ माऊ उठावाच्या काळात छळ सोसलेल्या ५,२२८ वृद्धांशी ब्रिटनने २०१३ साली १ कोटी ९९ लाख पौंडांची तडजोड केली, तीही न्यायालयात दावा टिकल्यावर. दोन्ही ठिकाणी माणसे जिवंत होती, त्यांची नावे ठाऊक होती आणि कागद उपलब्ध होते. पीडितांची पिढी संपली की सरकारांना पळवाट सापडते. नामिबियातील हेरेरो आणि नामा लोकांच्या १९०४ ते १९०८ मधील संहाराला जर्मनीने २०२१ साली ‘वंशसंहार’ म्हटले, ३० वर्षांत १.१ अब्ज युरो देऊ केले, पण त्या रकमेला ‘भरपाई’ म्हणण्याचे टाळले. वाटाघाटी दोन सरकारांत झाल्या. ज्यांचे पूर्वज मारले गेले त्या समाजांच्या अनेक प्रतिनिधींनी आपल्याला डावलल्याची तक्रार केली.

हाच प्रश्न पोर्तुगालच्या संदर्भात गोव्याच्या दाराशी येतो. डच प्रवासी लिन्शोटेन १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात होता. जुन्या गोव्यातील सरळ रस्त्यावर रोज सकाळी भरणाऱ्या लिलावाचे वर्णन त्याने केले आहे. तेथे घोडे, कापड आणि माणसे सारखीच विकली जात. आपला ‘लिलाव’ हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच आलेला. मोझांबिकमधून आणलेल्या या माणसांना गोव्यात ‘खाप्री’ म्हणत. पोर्तुगालने १७६१ साली मायदेशात नव्याने येणाऱ्या गुलामांना मुक्त मानण्याचा हुकूम काढला, परंतु वसाहती त्यातून वगळल्या. साऱ्या साम्राज्यातील गुलामगिरी रद्द झाली ती १८६९ साली, तीही मुक्तांवर काही वर्षे सक्तीच्या सेवेचे बंधन ठेवून.

सीमेपलीकडे उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर, हल्याळ, अंकोला या तालुक्यांत आणि बेळगावच्या खानापूर भागात सिद्दी समाज राहतो. त्यांच्यापैकी अनेकांचे पूर्वज गोव्यातील मालकांच्या घरांतून निसटून रानात शिरले असे मानले जाते. त्यांच्यात हिंदू, ख्रिस्ती आणि मुसलमान असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. कोंकणी आणि मराठीही त्यांच्या बोलण्यात आहे. २००३ साली त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला आणि २०२० साली शांताराम बुडना सिद्दी कर्नाटक विधान परिषदेत गेले. हे भारतीय राज्याने दिलेले संरक्षण आहे, पोर्तुगालने फेडलेले ऋण नव्हे. उद्या लिस्बनने खरोखरच तिजोरी उघडली, तर ब्राझील, अंगोला, मोझांबिक यांच्या सरकारांची नावे यादीत आपोआप येतील. यल्लापूरच्या सिद्द्यांसाठी कोणते सरकार बोलेल?

देणेकऱ्यांची बाजूही वाटते तितकी सरळ नाही. गोव्यातील सुखवस्तू घरांत गुलाम होते. मोझांबिकमधील झांबेझी खोऱ्यात गुलामांच्या श्रमांवर चालणाऱ्या ‘प्राझु’ नावाच्या जहागिऱ्या काही गोवेकरांकडे होत्या. एकोणिसाव्या शतकात तेथे खासगी सैन्य बाळगून असलेला मानुएल आंतोनियु द सोझा हा मूळ गोव्याचाच. दीव-दमणच्या गुजराती व्यापाऱ्यांचे भांडवलही मोझांबिकच्या गुलामव्यापारात गुंतले होते. आणि १९७२ साली पोर्तुगीज सैनिकांनी विरियामू येथे सुमारे ४०० ग्रामस्थांची हत्या केली, तिला सप्टेंबर २०२२ मध्ये मापुतो येथे ‘अक्षम्य’ म्हणून मृतांच्या स्मृतीपुढे नतमस्तक होणारे पंतप्रधान होते आंतोनियु कोश्ता, ज्यांचे पितृघराणे मडगावचे.

वंशजांच्या दाव्यांत पुरावा सर्वांत महत्त्वाचा ठरतो, आणि तो काही प्रमाणात पणजीतच आहे. गोव्याच्या पुराभिलेखागारात गुलामांना दिलेल्या मुक्तिपत्रांचे, सतराव्या-अठराव्या शतकांतील, पोर्तुगीज भाषेतील दप्तर जपलेले आहे. अशा नोंदींत मालकाबरोबर गुलामाचेही नाव येते, बहुधा बाप्तिस्म्यावेळी ठेवलेले. त्याचे आफ्रिकेतील नाव क्वचितच कोणी लिहून घेतले.