माल कोणाच्या नावावर? शेअर दलालीचा दीडशे वर्षांचा प्रवास



गेल्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. इथे माहूरलाच त्याचं पूजेच्या साहित्याचं दुकान आहे. मोबाईल पुढे करून म्हणाला, "सर, शेअर घ्यायचेत. एका ॲपवर खातं फुकट आहे, दुसऱ्यावर दलाली कमी आहे. कोणतं घेऊ?" मी म्हटलं, "ॲपचं नंतर बघू. आधी सांग, तू घेतलेला शेअर राहील कोणाच्या ताब्यात?" तो गप्प झाला. आजचं व्याख्यान त्या एका प्रश्नावर आहे.

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. कापसाची एकाधिकार खरेदी योजना १९७२ मध्ये आली, त्याच्या आधीची गोष्ट. माझे वडील कापूस आडत्याकडे टाकायचे. भाव चढला की पैसे घ्यायचे, असा तोंडी व्यवहार. एका वर्षी भाव चांगला चढला, वडील पैसे घ्यायला गेले, तर आडत्याचे हात वर! त्याने तो कापूस कधीच विकून टाकला होता आणि आलेला पैसा दुसरीकडे अडकवला होता. वडिलांच्या दृष्टीने कापूस त्यांचा होता, पण ताबा आडत्याचा होता. मालकी एकाची आणि ताबा दुसऱ्याचा, या फटीतून माणूस बुडतो. शेअर बाजाराचा इतिहास म्हणजे ही फट बुजवण्याचा इतिहास आहे, असं माझं म्हणणं आहे.

त्या इतिहासाची सुरुवातही कापसातूनच होते बघा. १८५० च्या दशकात मुंबईत टाऊन हॉलसमोर वडाच्या झाडाखाली मूठभर दलाल जमायचे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आपल्या पैनगंगेपलीकडच्या वऱ्हाडातला कापूस मुंबई बंदराकडे जाऊ लागला. मुंबईत पैसा मावेना. मग नव्या बँका निघाल्या, समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅकबे रेक्लमेशन कंपनीचा ५,००० रुपये भरलेला शेअर ५०,००० च्या आसपास गेला. या सगळ्याच्या मध्यभागी होते दलाल प्रेमचंद रायचंद. सौदे बहुतेक वायद्याचे. शेअर हातात नाही, पैसा हातात नाही, फक्त पुढच्या तारखेचा शब्द. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपत आलं, कापूस कोसळला, आणि १ जुलै १८६५ या वायद्याच्या दिवशी एकाचा शब्द दुसऱ्याच्या शब्दावर उभा होता हे सगळ्यांना कळलं. शेअर तारण घेऊन कर्ज वाटणारी बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. मुंबई विद्यापीठातला राजाबाई टॉवर तुम्ही पाहिला असेल. तो याच प्रेमचंदांच्या देणगीतून, त्यांच्या आईच्या नावाने उभा राहिला.

या धक्क्यातून काय शिकले? १८७५ मध्ये दलालांनी आपली संघटना केली. ३१८ सभासद, प्रवेश फी १ रुपया. हाच आजचा मुंबई शेअर बाजार. दलालांनी एकमेकांना शिस्त लावली, ही मोठी गोष्ट होती. पण नियम दलालांचे, न्याय दलालांचा आणि गिऱ्हाईक दाराबाहेर, असं पुढे जवळजवळ शंभर वर्षं चाललं.

कागदी शेअरचा काळ मी स्वतः भोगलाय. नांदेडच्या एका मध्यस्थामार्फत थोडे शेअर घेतले. पैसे आधी दिले. प्रमाणपत्र महिनोन्‌महिने येईना. आलं ते माझ्या नावावर करायला कंपनीकडे पाठवलं, तर विकणाऱ्याची सही जुळत नाही म्हणून परत! तोवर मध्यस्थाच्या दुकानाला कुलूप लागलं होतं. म्हणजे वडिलांचा कापूस आणि माझा कागद, दोन पिढ्यांची एकच कथा.

१९९२ मध्ये हर्षद मेहता प्रकरण सुचेता दलाल यांनी उजेडात आणलं. तिथेही मूळ तेच. दोन बँकांमधल्या व्यवहाराचा पैसा मधल्या दलालाच्या खात्यात थांबत होता. त्याच वर्षी सेबीला कायद्याचे अधिकार मिळाले. १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजारात संगणकावर सौदे सुरू झाले. आणि १९९६ मध्ये, माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं, डिपॉझिटरीचा कायदा आला. शेअर कागदावरून खात्यात गेला. डिमॅट खाते म्हणजे दलालाची वही नव्हे. ते तुमच्या नावाने डिपॉझिटरीत असतं, दलाल फक्त मधला दुवा. २००० मध्ये इंटरनेटवरून सौद्यांना परवानगी मिळाली.

मग फट बुजली का? नाही. ग्राहक दलालाला मुखत्यारपत्र लिहून देत होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये सेबीने हैदराबादच्या कार्वी या मोठ्या दलाल कंपनीवर कारवाई केली. ९५,००० हून अधिक ग्राहकांचे सुमारे २,३०० कोटींचे शेअर तारण ठेवून कर्ज उचललं गेलं होतं. माझ्या वडिलांचा आडत्या आठवा! त्यानंतर नियम बदलले. सप्टेंबर २०२० पासून मार्जिनसाठी दिलेले शेअर ग्राहकाच्याच खात्यात राहून तारण होतात, दलालाच्या खात्यात जात नाहीत. २०२३ पासून सौदा दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी पुरा होतो, म्हणजे माल मध्ये अडकून राहण्याचा काळही घटला.

आता त्या विद्यार्थ्याला मी काय सांगितलं ते सांगतो. पहिलं, दलालाची नोंदणी सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः तपास. दुसरं, पैसे त्या कंपनीच्या अधिकृत खात्यातच भर, ग्रुपमधल्या कुणा 'सरां'च्या खात्यात एक रुपयाही नको. तिसरं, सही करण्याआधी आपण कसला अधिकार देतोय ते वाच. चौथं, ॲपवरच्या आकड्यावर थांबू नको. डिपॉझिटरीकडून ईमेलवर एकत्रित विवरणपत्र येतं, ते ॲपशी ताडून बघ. हे झाल्यावर दलाली आणि खात्याची वार्षिक फी बघ. ऑर्डरमागे २० रुपये की फुकट, हा शेवटचा प्रश्न, पहिला नव्हे.

आणि एक तत्त्वज्ञानाचं. आपल्या न्यायदर्शनात 'आप्त' कोणाला म्हणावं याची चर्चा आहे. ज्याला वस्तू ठाऊक आहे आणि जी जशी आहे तशी सांगण्याचीच ज्याची इच्छा आहे, तो आप्त. दलालाला बाजार ठाऊक असतो, पण तुम्ही पुन्हा पुन्हा सौदा करण्यात त्याचा फायदा असतो. म्हणून तो लबाड ठरत नाही, पण आप्तही ठरत नाही. त्याची टीप ऐकताना एवढं लक्षात ठेवा. सेबीच्या २०२४ च्या अभ्यासात वायदे आणि ऑप्शनमध्ये सौदे करणाऱ्या किरकोळ लोकांपैकी ९३ टक्क्यांचं तीन वर्षांत नुकसान झालेलं दिसलं. १८६५ चा वायदा आज मोबाईलवर आलाय, आणि तो घेणाऱ्यांत आपल्या गावची पोरंही आहेत. म्हणून हे बोलावंसं वाटलं.

तो विद्यार्थी परवा पुन्हा आला होता. विवरणपत्राचा कागद छापून आणलेला. १० शेअर, त्याच्या नावावर. मला ॲपचं नाव त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

थांबतो. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.