कॉमन कोअर म्हणजे काय?
अमेरिकेत शालेय शिक्षणाचे निकष प्रत्येक राज्य स्वतः ठरवते. त्यामुळे एका राज्यात उत्तीर्ण होणारे मूल दुसऱ्या राज्यात कच्चे ठरू शकत असे. यावर उपाय म्हणून २०१० मध्ये 'कॉमन कोअर' आले. कोणत्या इयत्तेत इंग्रजी आणि गणितात काय यायला हवे, याची ही समान यादी. चाळीसहून अधिक राज्यांनी ती स्वीकारली. पुस्तके आणि शिकवण्याची पद्धत मात्र स्थानिक पातळीवरच ठरत राहिली.

वाद पेटला तो परीक्षांवरून. नव्या परीक्षा अवघड होत्या आणि अनेक राज्यांत मुलांच्या गुणांवरून शिक्षकांचेही मूल्यमापन होऊ लागले. २०१५ मध्ये न्यूयॉर्क राज्यात तिसरी ते आठवीच्या सुमारे २० टक्के मुलांनी परीक्षाच दिली नाही. त्याच वर्षीच्या नव्या कायद्याने केंद्र सरकारला असे निकष राज्यांवर लादण्यास मनाई केली. पुढे काही राज्यांनी नाव बदलले, निकष मात्र बरेचसे तेच ठेवले.