गाडी खाली करून घेतली, आता रोजच्या स्पीडब्रेकरचं काय?

रील्समध्ये तुम्ही अशा गाड्या नक्की पाहिल्या असतील. जुनी सिव्हिक नाहीतर पोलो, टायर आणि मडगार्डच्या मध्ये बोटही जाणार नाही इतकी खाली बसलेली. दिसायला एकदम कडक. रीलमध्ये दिसत नाही ते एवढंच, की तीच गाडी संध्याकाळी सोसायटीच्या गेटमधला स्पीडब्रेकर कशी ओलांडते.

खाली कमेंटमध्ये प्रश्न ठरलेला असतो, "भाऊ, डेली चालवता येते का?" येते. पण किती खाली केली, कशी केली आणि तुमच्या रोजच्या वाटेवरचे स्पीडब्रेकर कुणी बांधलेत, यावर सगळं अवलंबून आहे. यातला शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

आकड्यांतच बघू. मारुती स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिलिमीटर आहे. बाजारात मिळणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग साधारण ३० ते ४० मिलिमीटर गाडी खाली आणतात. ४० धरले तर उरले १२३. आता इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे गोलाकार स्पीडब्रेकर १०० मिलिमीटर म्हणजे १० सेंटिमीटर उंच असतो. वाटतं, जेमतेम दोन सेंटिमीटरने वाचलो.

पण तसं नाही. हाच नियमातला स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद असतो, आणि स्विफ्टच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर आहे २.४५ मीटर. म्हणजे गाडीचं पोट बरोबर माथ्यावर असतं तेव्हा चारही चाकं स्पीडब्रेकरवरच चढलेली असतात. त्या क्षणी पोटाखाली लागणारी जागा काढली तर ती भरते फक्त साडेचार सेंटिमीटरच्या आसपास. नियमातला स्पीडब्रेकर खाली केलेल्या गाडीलाही आरामात जाऊ देतो.

गाडी घासते ती बाकीच्यांवर. गल्लीच्या तोंडाशी रातोरात टाकलेला डांबराचा ढिगारा, फूटभर रुंद आणि पाच-सहा इंच उंच. पट्टे नाहीत, पाटी नाही. इथे पुढची चाकं उतरून सपाट रस्त्यावर आलेली असतात, मागची अजून चढलेली नसतात आणि मध्ये अख्खा उंचवटा पोटाखाली. पाच इंच म्हणजे १२७ मिलिमीटर, आणि आपल्याकडे आहेत १२३. मूळ उंचीची स्विफ्टसुद्धा अशा ठिकाणी श्वास रोखून जाते.

त्यात मागे तीन माणसं बसली आणि डिकीत गावाकडच्या पिशव्या आल्या की गाडी आणखी बसते. म्हणून एकटे असताना सहज पार होणाऱ्या जागी घरच्यांना घेऊन निघालं की खालून आवाज येतो.

खाली सगळ्यात नाजूक जागा इंजिनाच्या तळाशी असते. गॅरेजच्या भाषेत चेंबर, म्हणजे इंजिन ऑइलची टाकी. (आपल्याकडे रस्त्याच्या वर आलेल्या ड्रेनेजच्या झाकणालाही चेंबरच म्हणतात. चेंबरला चेंबर लागतो तो असा.) चेंबरला तडा गेला तर ऑइल गळतं आणि डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा पेटतो. तेव्हा "पुढच्या चौकात गॅरेज आहे" असा विचार करायचा नाही. जागेवर इंजिन बंद करायचं आणि गाडी टो करून न्यायची. फुटलेला चेंबर बदलता येतो. ऑइलशिवाय पळवून इंजिन जॅम झालं तर खर्च कैक पटींनी वाढतो, आणि तो पुढचा खर्च साध्या विम्यात सहसा मिळत नाही, कारण गाडी तुम्हीच पुढे चालवलेली असते. चेंबर गार्ड बसवता येतो, पण तोही एखाद-दोन सेंटिमीटर जागा खातो.

चालवताना दोन गोष्टी खरंच कामाला येतात. पहिली, ब्रेक स्पीडब्रेकरच्या आधी मारा आणि चढताना सोडून द्या. ब्रेक दाबलेला असताना गाडीचं नाक खाली झुकतं आणि बंपर तिथेच लागतो. दुसरी, अरुंद उंचवटा तिरका घ्या, म्हणजे एकेक चाक चढतं आणि पोटाखालचा उंचवटा पूर्ण लागत नाही. अर्थात यासाठी रस्ता मोकळा हवा. मागे रिक्षा हॉर्न वाजवत असेल तर तिरकं जाण्याचा मोह आवरा.

आता गाडी खाली कशी केली, याकडे येऊ. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात वाईट मार्ग म्हणजे मूळ स्प्रिंगच कापणं. गॅस कटरने कापताना तापलेल्या जागी स्टीलचा कस जातो. शिवाय तोकडी झालेली स्प्रिंग खड्ड्यात चाक खाली लोंबलं की जागेवरून हलू शकते. हे पैसे वाचवणं नव्हे, जिवाशी खेळ आहे. लोअरिंग स्प्रिंग मुळातच आखूड आणि थोडी कडक बनवलेली असते. कॉइलओव्हरमध्ये उंची कमी-जास्त करता येते, म्हणून रोजच्या वापरासाठी तो पर्याय बरा, पण महाग. एअर सस्पेन्शनमध्ये बटण दाबून गाडी वर घेता येते. ही कल्पना जुनी आहे. १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात गाडीचा कुठलाही भाग रिमच्या खाली जाऊ नये असा कायदा आला, तेव्हा तिथल्या लोरायडरवाल्यांनी हायड्रॉलिक पंप बसवून गाडी हवी तेव्हा वर-खाली करायला सुरुवात केली.

मार्ग कोणताही घ्या, त्यानंतर व्हील अलाइनमेंट केलंच पाहिजे. गाडी खाली आली की चाकांचा कोन बदलतो आणि टायर आतल्या कडेने झिजतात. बाहेरून टायर नवा दिसतो आणि आतून तारा बाहेर आलेल्या असतात. तपासताना स्टिअरिंग पूर्ण वळवून आतली कड बघा. पावसाळ्यात अजून एक गोष्ट, गाडीबरोबर इंजिनात हवा ओढणारी नळीही तेवढीच खाली आलेली असते. साचलेल्या पाण्यात बाकीच्या गाड्या गेल्या म्हणून आपली घालू नका.

आणि कायदा? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या बदलासाठी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आली. "आरसीवर ग्राउंड क्लिअरन्सचा रकानाच नसतो" हा युक्तिवाद मॉडिफिकेशनवाले हमखास करतात. तो रस्त्यावर थांबवणाऱ्या अधिकाऱ्याला पटेल, यावर पैज लावू नये. विमा कंपनीला बदल कळवला नसेल तर अपघातानंतरचा दावा अडकू शकतो, तो वेगळाच ताप.

मूळ स्प्रिंग आणि शॉकअप मात्र भंगारात देऊ नका. पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवा. गाडी विकताना गिऱ्हाईक ते मागतं, आणि १५ वर्षांनी आरटीओत फेरनोंदणीला गाडी न्यायची वेळ आली की तेच परत बसवावे लागतात.