मेंढ्या, मावशी आणि क्रीमची डबी

परवा लातूरहून मावशीचा फोन आला. सुनेनं तिला चेहऱ्याला लावायचं क्रीम आणून दिलंय. डबीवर पानांचं चित्र आणि बारीक इंग्रजीत 'सोया आयसोफ्लेवोन'. मावशी म्हणाली, "अरे, सोयाबीन तर आपल्या रानातलंच. लावू ना?"

प्रश्न साधा नव्हता. मावशीची स्तनाची गाठ इस्ट्रोजेनवर वाढणारी होती आणि ते इस्ट्रोजेन अडवायला ती अजून रोज टॅमॉक्सिफेनची गोळी घेते.

आता गोष्ट जरा मागे नेतो. १९४० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात मेंढपाळ हवालदिल झाले होते. मेंढ्या गाभण राहीनात, राहिल्या तर वेतात अडायच्या. खच्ची केलेल्या नरांनासुद्धा दूध उतरू लागलं! १९४६ मध्ये बेनेट्स, अंडरवुड आणि शायर यांनी याचं मूळ चाऱ्यात दाखवलं. तो चारा म्हणजे क्लोव्हर, आपल्या मेथी आणि लसूणघासाचा भाऊबंद. त्यातले आयसोफ्लेवोन मेंढीच्या पोटात गेले की इस्ट्रोजेनसारखं काम करत होते. म्हणजे वनस्पतीसुद्धा शरीराच्या कुलपात आपली किल्ली घालू शकते, हे कळपानं शिकवलं.

तिकडे अमेरिकेत १९३० च्या दशकापासूनच खरं इस्ट्रोजेन घातलेली क्रीम 'तारुण्य परत मिळवा' म्हणून विकली जात होती. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं, त्वचा पातळ आणि कोरडी होते, हे खरंच आहे. धंदा त्या दुखऱ्या जागेवरच उभा राहिला. १९९३ मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं ठरवलं की औषधी दाव्यानं विकलं जाणारं हार्मोनचं क्रीम हे नवं औषध आहे, मंजुरीशिवाय विकता येणार नाही.

१९९८ मध्ये टेक्सासचे बालसंप्रेरकतज्ज्ञ चंद्र तिवारी यांनी चार लहान कृष्णवर्णीय मुलींची नोंद छापली. शाळेच्या वयाआधीच वा नुकतंच शाळेत जाताना त्यांच्यात वयात येण्याची लक्षणं दिसू लागली होती. घरात केसांना लावायची इस्ट्रोजेन किंवा वारेचा अर्क असलेली उत्पादनं वापरात होती. ती बंद केल्यावर लक्षणं ओसरली.

हार्मोन असं बदनाम झालं. वनस्पतीची पाटी मात्र कोरी होती. १९९६ मध्ये इस्ट्रोजेनचं दुसरं कुलूप सापडलं, 'बीटा' नावाचं. ते त्वचेतही असतं आणि सोयातल्या जेनिस्टीनची किल्ली त्याला बऱ्यापैकी बसते. मग सोया, रेड क्लोव्हर यांचे अर्क क्रीममध्ये, सीरममध्ये, शाम्पूत आले. वर लिहायचं 'नैसर्गिक', की प्रश्न संपले.

प्रश्न संपले नव्हते. २०२४ मध्ये युरोपीय संघानं सौंदर्यप्रसाधनांतल्या जेनिस्टीनला ०.००७ टक्के आणि डेडझीनला ०.०२ टक्के अशी मर्यादा घातली. नीट वाचा, बंदी नाही, मर्यादा. म्हणजे त्याखाली भीती नाही असं तिथल्या तज्ज्ञांना वाटतं, पण मोजायची गरज आहे हेही त्यांना वाटतं.

मेंढी दिवसभर चरते, आपण बोटभर क्रीम लावतो, हा फरक मला कळतो. सोयाबीनची भाजी खाऊन कुणाला काही झालं, असंही मी म्हणत नाही. पण मावशीच्या डबीवर घटकाचं नाव होतं, प्रमाण नव्हतं. मोजणार कशानं?

मी तिला म्हटलं, "डबी जशीच्या तशी पिशवीत घाल आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दाखव. तोवर साधं खोबरेल लाव." ती हसली, म्हणाली, "सुनेला काय सांगू?"

तुमच्याही घरात अशी डबी असेल. लहान मूल असेल किंवा कुणाचे असे उपचार चालू असतील, तर मागची बारीक अक्षरं एकदा चष्मा लावून वाचा. आणि कंपन्यांना विचारा, किती टक्के? नाव छापता, तर आकडा छापायला काय हरकत आहे?