तारेआतले घर, तारेबाहेरचा माणूस

तुरुंगातून सुटलेल्याला घर कोणी द्यायचे, असे विचारले की ‘ते सरकारचे काम नव्हे’ हे ठरलेले उत्तर मिळते. इतिहासाचा दाखला वेगळा आहे. सरकारने एकेकाळी हजारोंना घरे दिली, तीही कुठलाही गुन्हा शाबीत न झालेल्यांना. अट एकच, घराभोवती तारेचे कुंपण.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने विशिष्ट जमातींत जन्मणे हाच गुन्हा ठरवला. १९११ च्या कायद्याने पकड आणखी घट्ट झाली. सोलापूरला सेटलमेंट उभी राहिली. गिरणीत राबायचे, ठरल्या वेळी हजेरी द्यायची, बाहेर जायचे तर परवाना काढायचा. येथे घर आसऱ्यासाठी नव्हते, पाळतीसाठी होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला आणि माणसे ‘विमुक्त’ ठरली. पण विमुक्तीच्या त्या कागदावर ना जमीन होती, ना घर. मागोमाग सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा. पाळत राहिली, छप्पर गेले.

दुसरी वाटही याच मातीत निघाली होती. औंध संस्थानात १९३९ साली, भवानराव पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रिडमन यांच्या पुढाकाराने, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. शिक्षा झालेले कैदी तेथे भिंतीवाचून, बायकामुलांसह राहून शेती करू लागले. १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट याच प्रयोगावर बेतला. त्याचे कौतुक पुष्कळ झाले. पण शिक्षा संपल्यावर या माणसाने कोठे जायचे, हा प्रश्न टाळ्यांच्या गजरात विरून गेला.

घर ही दयेची बाब आहे, असे कायदाही मानत नाही. १९५८ च्या परिवीक्षा कायद्यानुसार तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडायचे, तर आरोपीचा किंवा जामीनदाराचा कायम ठिकाणा अथवा नियमित धंदा न्यायालयाला दिसावा लागतो. मग पालावरच्या माणसाने कोणता ठिकाणा दाखवायचा? ज्याच्यापाशी घर, त्याच्यासाठी सवलतीचा दरवाजा उघडा. ज्याच्या बापजाद्यांना गावाने कधी टेकू दिले नाही, त्याला तुरुंग. हाच माणूस सुटून आला की गावात चोरी कोणाचीही होवो, पोलीस आधी त्याच्याच पालावर येतात.

म्हणून मागणी नुसत्या चार भिंतींची नाही. भिंती सेटलमेंटलाही होत्या. सुटकेच्या दिवशी हाती पडणारे, स्वतःच्या नावाचे, हजेरीच्या वहीशी न बांधलेले घर हवे. पाळतीसाठी घरे बांधायला ज्या सत्तेपाशी पैसा होता, तिच्या वारसाने माणुसकीसाठी तो नाही म्हणणे आपण मान्य करू नये.