यूएसबी मास स्टोरेज

यूएसबी मास स्टोरेज हा संगणक आणि साठवण उपकरण यांच्यातील विदेच्या देवाणघेवाणीचे नियम ठरवणारा एक प्रमाणित यूएसबी उपकरणवर्ग आहे. पेन ड्राइव्ह, बाह्य हार्ड डिस्क, कार्ड रीडर आणि अनेक डिजिटल कॅमेरे या वर्गात मोडतात. या प्रमाणामुळे प्रत्येक उत्पादकाच्या उपकरणासाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही. संचालन प्रणालीतील एकच सामायिक ड्रायव्हर पुरेसा ठरतो.

कार्यपद्धती

उपकरण जोडताच संगणक त्याची वर्णनमाहिती वाचतो. तीत वर्गक्रमांक ०८ आढळल्यास सामायिक ड्रायव्हर कार्यान्वित होतो. बहुतेक उपकरणे स्कझी आज्ञासंच वापरतात. संगणकाला उपकरण ठरावीक आकाराच्या, बहुधा ५१२ बाइटच्या, खंडांची मालिका म्हणून दिसते. त्या खंडांवरील फॅट३२ किंवा एक्सफॅट यांसारखी फाइल प्रणाली हाताळण्याचे काम संगणकच करतो.

संचालन प्रणालींमधील समर्थन

विंडोज ९८ मध्ये सामायिक ड्रायव्हर नसल्याने उत्पादकाने दिलेला ड्रायव्हर बसवावा लागे. विंडोज २००० आणि विंडोज एमईपासून तो प्रणालीतच समाविष्ट झाला. मॅक ओएस ९ मध्येही हे समर्थन होते. लिनक्समध्ये जानेवारी २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कर्नल २.४ मध्ये ते उपलब्ध होते.

काही उपकरणे प्रमाणाचे काटेकोर पालन करीत नाहीत. उदाहरणार्थ, काही आपली क्षमता एका खंडाने जास्त सांगतात. लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये अशा उपकरणांची यादी असून, त्यांतील उपकरण ओळखले जाताच आवश्यक ती दुरुस्ती लागू होते.

कॅमेरे

अनेक कॅमेरे मास स्टोरेजऐवजी पीटीपी (आयएसओ १५७४०) ही पद्धत वापरतात. तिचा यूएसबी वर्गक्रमांक ०६ आहे. या पद्धतीत संगणक खंड न मागता संपूर्ण छायाचित्र मागतो, त्यामुळे फाइल प्रणालीचे नियंत्रण कॅमेऱ्याकडेच राहते. विंडोज एक्सपीमध्ये पीटीपीचे समर्थन अंगभूत आहे, तर लिनक्सवर त्यासाठी लिबजीफोटो२ ही लायब्ररी वापरली जाते. मायक्रोसॉफ्टने पीटीपीचा विस्तार करून एमटीपी विकसित केली. २००८ मध्ये तिला प्रमाणित यूएसबी वर्गाचा दर्जा मिळाला. पुढे अँड्रॉइड उपकरणांनीही ती स्वीकारली.

मर्यादा

मास स्टोरेज पद्धतीत फाइल प्रणाली संगणकाच्या ताब्यात असताना उपकरणाने स्वतः तीत बदल केल्यास विदा बिघडू शकते. तसेच, लेखन वेगाने व्हावे म्हणून संचालन प्रणाली काही मजकूर आधी स्मृतीत राखून ठेवते. तो उपकरणावर उतरण्यापूर्वीच जोडणी तोडल्यास फाइल अपूर्ण राहते आणि प्रसंगी संपूर्ण फाइल प्रणाली वाचता येत नाही. म्हणून उपकरण काढण्यापूर्वी 'इजेक्ट' अथवा 'अनमाउंट' ही आज्ञा देणे आवश्यक ठरते.