करडईच्या फुलातला कच्चा रंग

परभणीच्या माणसाला करडई म्हटलं की काय आठवतं? लसूण घालून केलेली भाजी, नाहीतर घाण्याचं तेल. रंग कुणालाच आठवणार नाही. पण करडईचं शास्त्रीय नाव आहे कार्थेमस टिंक्टोरियस, आणि टिंक्टोरियस म्हणजे ‘रंगाऱ्यांची’. आपल्याकडचा ‘कुसुंबी’ हा शब्दही तिथलाच. कुसुंब म्हणजे करडई आणि कुसुंबी म्हणजे तिच्या फुलाचा तांबूस रंग. शब्द टिकला, रंग गेला. तो कसा गेला, हे आज बघू. कारण कापूस रंगवायचा कमी घातक मार्ग शोधायचा असेल, तर ही गोष्ट माहीत हवी.

आधी कृती ऐका. करडईच्या पाकळीत दोन रंग असतात. पिवळा साध्या पाण्यात निघून जातो. लाल तसा निघत नाही. त्यासाठी पाकळ्या खारात, म्हणजे राखेच्या किंवा सज्जीखाराच्या पाण्यात भिजवायच्या. मग त्या पाण्यात सुती कापड बुडवायचं आणि लिंबासारखं काहीतरी आंबट घालायचं. खार मोडला की लाल रंग धाग्यावर येऊन बसतो.

यात खास काय? सुती धागा बहुतेक वनस्पतीरंगांना सहज धरत नाही. आधी हिरडा, तुरटी असे मध्यस्थ लागतात. कुसुंब्याच्या लालला मध्यस्थच नको. पण एक अडचण होती. हा रंग कच्चा. उन्हात उडायचा, साबणात जायचा. पक्का लाल हवा असेल तर रंगारी आलीच्या झाडाच्या मुळांकडे वळायचे, आणि ती मुळं खणण्याआधी काही वर्षं थांबावं लागायचं.

आता युरोपात चला. १८५६ मध्ये लंडनमध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन मलेरियावरचं क्विनाइन बनवायला गेला आणि त्याच्या हाती जांभळा रंग लागला, डांबरापासून निघालेल्या रसायनातून. १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनज्ञांनी अलिझरिन हा लाल रंग प्रयोगशाळेत तयार केला, आणि आलीची शेती बसली. १८८४ मध्ये काँगो रेड आला. मध्यस्थाशिवाय थेट कापसावर बसणारा लाल! म्हणजे कुसुंब्याची जी खासियत, तीच आता पुडीत मिळायला लागली.

पण ही पुडी बेंझिडिनपासून बनायची, आणि बेंझिडिनमुळे कर्करोग होतो. बेंझिडिनवर आधारलेल्या ४२ रंगांवर भारताने बंदी घातली ती १९९३ मध्ये. काँगो रेड येऊन तोवर शंभरेक वर्षं झाली होती.

आज तुमच्या-माझ्या सुती टी-शर्टवर बहुधा रिअ‍ॅक्टिव्ह रंग असतो. हे रंग १९५६ पासून बाजारात आहेत. धाग्याशी रासायनिक बंध करतात, म्हणून पक्के. पण त्यांना धाग्याकडे ढकलायला भरपूर मीठ लागतं, आणि तरी सगळा रंग चिकटत नाही. उरलेला रंग आणि सगळं मीठ पाण्यात जातं. तमिळनाडूत तिरुपूरच्या नोय्यल नदीची अवस्था इतकी वाईट झाली, की जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथले रंगाईचे कारखाने बंद करायला सांगितले. आपल्याकडे इचलकरंजी आणि पंचगंगेचं दुखणंही असंच.

मानवत, सेलूच्या बाजारातला कापूस बाहेर जातो आणि दुसऱ्याच कुणाच्या नदीकाठी रंगतो. आपल्याला ते पाणी दिसत नाही. पण २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं, हे आपण पाहिलंय. असं पाणी वाया घालवणं कुणाला परवडेल, सांगा?

मग सगळे परत करडईकडे जाऊ या का? मी इंजिनिअर आहे, आधी आकडे बघतो. पाकळीतला लाल रंग वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी असतो. किलोभर पाकळ्यांतून दहा ग्रॅमही नाही. सगळ्या जगाचे टी-शर्ट त्यात रंगणार नाहीत. शिवाय ‘नैसर्गिक’ म्हटलं म्हणजे निर्धोक असंही नाही. मध्यस्थ म्हणून तुरटीऐवजी क्रोमियमचे क्षार वापरले, तर झाडाचा रंगही पाणी विषारी करतो.

मला यातून कळलं ते एवढंच. उन्हाला, साबणाला दाद न देणारा रंग आपणच मागितला. तोच रंग नदीत गेल्यावरही सहजासहजी मोडत नाही, कारण तो न मोडण्यासाठीच बनवलाय. आणि आपण काय करतो? तो टी-शर्ट दोन वर्षांत टाकून देतो. पूर्वी कच्चा रंग उडाला तर कापड पुन्हा रंगवता यायचं. आज रंग टिकतो, कापडच फेकलं जातं.

म्हणून पहिला उपाय फुकटातला आहे: कपडा जास्त दिवस वापरा. थोडा विटला म्हणून काही बिघडत नाही. दुसरा उपाय छोट्या प्रमाणावरचा. रुमाल, ओढणी, बाळाची दुपटी यांना हिरडा-तुरटीवरचे रंग पुरतात. आपल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातल्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयात नैसर्गिक रंगांवर काम झालेलं आहे. आणि करडईच्या पाकळ्या फूल सुकायला लागल्यावर वेचल्या, तर बी आणि तेल शेतकऱ्याकडेच राहतं.

जाता जाता एक गंमत. याच विद्यापीठाने तेलासाठी करडईचं एक वाण काढलं. त्याचं नाव आहे ‘परभणी कुसुम’. रंग विसरला गेला, पण नावात तो अजून आहे. जानेवारी-फेब्रुवारीत गावाकडे गेलात तर करडईच्या शेताजवळ थोडं थांबा. काट्यांपासून मात्र जपून!